आडातलं लाल पाणी
“अगं बया, आडात रगात!” चुलती ओरडली. तिचा आवाज असा, की परंड्याच्या किल्ल्यावरचे पारवे उडावेत. निजामाचं राज्य होतं, वरच्या गावात हगवण-उलटीच्या पटकीनं माणसं मरत होती, आन् आमच्या आडाचं पाणी एका रात्रीत लालभडक! मुडदा पाडून आत टाकलाय म्हणत अख्खं गाव घागरी घेऊन ओढ्याला धावलं. ओढा वरच्या गावातूनच यायचा. चौथ्या दिवशी चुलती पटकीनं गेली. मग कळलं, आडात पटकीवरचं लाल औषध होतं. सरकारी माणूस पहाटे टाकून गेला होता. तो परत आला तेव्हा चुलत्यानं विचारलं, “साहेब, गावाला सांगायचं तरी!” तो म्हणाला, “टाकायचा हुकूम होता. सांगायचा नव्हता.”