पापनाशमचे घोडे

तुळजारामच्या घरी चोवीस स्वार होते आणि घोडा एकही नव्हता. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं घर. तिथल्या खिडकीजवळच्या फळीवर नेपोलियनच्या फौजेतले हे चोवीस वीर औषधांच्या बाटल्यांच्या बुचांवर पाय फाकून उभे असत. अंगात पोलादी छातीकवच, शिरस्त्राणावर केसांचा झुपका, हातात उपसलेली तलवार आणि मांड्यांच्या मध्ये नुसती हवा. उंची म्हणाल तर बोटाची दोन पेरं. नवा पाहुणा आला की हमखास विचारी, हे असे अवघडून का उभे आहेत? तुळजाराम सांगे, घोडे पापनाशमला आहेत. मग त्याची बायको वसुमती कॉफी आणायच्या निमित्ताने आत जाई आणि तोही विषय बदली.

तुळजारामने नोकरी केली पाटबंधारे खात्यात, आरेखक म्हणून. पस्तीस वर्षं त्याने कावेरीच्या कालव्यांची दारं कागदावर काढली. हात असा स्थिर की साहेबलोक सही करताना त्याच्या रेघेला धक्का लागू नये म्हणून जपत. या हाताला घरी आल्यावर गप्प बसवेना, तेव्हा कधीतरी त्याने परदेशाहून टपालाने प्लास्टिकच्या सैनिकांचं एक खोकं मागवलं, आणि मग तो कामातून गेला. खोक्यातले सैनिक जसेच्या तसे ठेवणं त्याला कमीपणाचं वाटे. याचं डोकं कापून त्याच्या धडावर बसव, हात खांद्यातून काढून उंच कर, इंजेक्शनच्या सुईने पुटीतून, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या लगद्यातून, मिशा कोर, असं त्याचं चाले. एका स्वाराला तीन आठवडे लागत. नातेवाईक म्हणत, अरे, भोसल्यांच्या गावात राहतोस, मग मराठ्यांचे स्वार कर की. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. आपल्या स्वारांच्या पगडीतली चूक काढायला इथे घरोघर माणसं बसली आहेत. नेपोलियनच्या स्वाराची चूक तंजावरात कोण काढणार?

ती काढणारा एक निघाला. त्याचं नाव भरद्वाज. हाही तंजावरच्याच मराठी घरातला, पण गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीमुळे पापनाशमला स्थायिक झालेला. सरस्वती महालाच्या वाचनालयात दोघे एकाच दिवशी घोड्यांची जुनी चित्रं मागायला गेले आणि एका बाकावर आले. तुळजारामने खिशातून आपला स्वार घोड्यासकट काढून दाखवला. भरद्वाजने तो उलटासुलटा केला आणि शांतपणे सांगितलं की स्वार उत्तम आहे, पण त्याच्या खालच्या घोड्याचा मागचा पाय असा वाकला तर घोडा तिथेच बसेल. तुळजारामला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने त्याला जेवायला घरी नेलं.

तेव्हापासून वाटणी झाली. खोकं आलं की घोडे पापनाशमला, स्वार तंजावरला. देखावा ठरला तो बर्फातल्या एका मोठ्या चढाईचा. बर्फ दोघांपैकी कोणी पाहिलेला नव्हता. तो त्यांनी नेट्टीच्या, म्हणजे तळ्यातल्या त्या पांढऱ्या हलक्या भेंडाच्या, भुशाचा करायचं ठरवलं. भरद्वाजचे पहिले घोडे जरा बैलांच्या अंगाने गेले. तुळजाराम त्याला चिडवे की यातल्या दोघी तर सकाळसंध्याकाळ दूध देतील. पण पुढे त्याचा हात असा बसला की मानेवरची शीर दिसू लागली. प्रत्येक स्वाराची मांडी त्याच्या त्याच्या घोड्याच्या पाठीवरून मोजून घडवायची, बुचाखाली आणि खुराखाली एकच आकडा लिहायचा. सातचा स्वार आठच्या घोड्यावर बसत नसे. पंधरा वर्षं दर रविवारी दोघांतला एक जण बसमध्ये असे.

मग ती नवमी आली. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीत, कोलूत, ठेवायला म्हणून भरद्वाज चोवीसही घोडे तंजावरला देऊन गेला होता. वसुमतीने त्यांना सर्वांत वरची पायरी दिली होती. नवमीला घरोघर आयुधपूजा असते. सायकल, मोपेड, विळी, लेखणी, सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. वसुमतीने पहाटे अंघोळ करून घरातली एकेक वस्तू पुजली आणि पायरीपाशी येऊन उभी राहिली. घरात घोडे आहेत, तलवारी आहेत, आणि आज नवमी. तिच्या आजीच्या आजीपासून, घरात घोडा असला तर या दिवशी तो पुजल्याशिवाय कोणी जेवलं नव्हतं. तिने उदबत्तीच्या काडीने चोवीस घोड्यांच्या कपाळी एकेक टिळा लावला, आणि अगदी मनापासून नमस्कार केला.

काळ्या-तांबड्या घोड्यांवर तो फारसा दिसला नाही. पण तीन पांढरे होते, तुतारीवाल्यांचे. त्यांच्या रंगासाठी भरद्वाजने वर्ष घालवलं होतं. ओलं कुंकू त्या रंगात कायमचं मुरलं. दुपारी भरद्वाज जेवायला आला, त्याने ते पाहिलं आणि भरल्या घरात म्हणाला की या घरात कलेची किंमत एवढीच. वसुमतीने हातातलं पायसाचं भांडं खाली ठेवलं. तुळजाराम म्हणाला, तिने पुजलं, तू कधी पुजलंस का? मग ने तुझे घोडे. भरद्वाजने ते खरंच नेले.

याला सात वर्षं झाली. पंचवीस किलोमीटरचा रस्ता, दर दहा मिनिटांनी बस. वसुमती कितीदा म्हणाली की मी जाऊन माफी मागते. तुळजारामने तिला जाऊ दिलं नाही, कारण चूक तिची नव्हती. आपली होती का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. त्याने नवीन स्वार केला नाही की दुसरे घोडे मागवले नाहीत. रविवारी सकाळी मात्र तो कपडे करून बसे, आणि दहाच्या सुमारास पुन्हा घरातले कपडे घाली. त्याला भरद्वाजची आठवण येई. हे कबूल करायला त्याला माणूस हवा होता, आणि तो माणूस पापनाशमला होता.

एका बुधवारी सीतारामराव भटजी वर्षश्राद्धाला आले आणि जेवता जेवता सहज बोलून गेले. भरद्वाजने घर विकलं म्हणे. मुलगा मुरली होसूरला असतो, त्याच्याकडे कायमचा चालला. येत्या रविवारी सामानाची गाडी येणार.

दुसऱ्या दिवशी त्याने चोवीस स्वार बुचांवरून सोडवले, कापसात गुंडाळून मिठाईच्या खोक्यात रचले आणि बस धरली. खोकं मांडीवर. अय्यमपेट्टैपर्यंत तो पहिलं वाक्य जुळवत होता. एकात फार राग होता, दुसऱ्यात फार लाचारी. पापनाशम आलं तेव्हा हातात एकही वाक्य नव्हतं.

त्याची गरज पडली नाही. बांधलेल्या गाठोड्यांमध्ये भरद्वाज उभा होता, निम्मा झालेला. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "ये रे. जेवलास कीं?"

तुळजाराम हो म्हणाला, पण त्याचं लक्ष पलीकडच्या मेजावर गेलं होतं. मेजावर एक मोठी फळी, फळीवर नेट्टीचा पांढराशुभ्र बर्फ, आणि बर्फात ते चोवीस घोडे. ते आता चौखूर धावत नव्हते. भरद्वाजने सगळ्यांचे पाय कापून नव्याने बसवले होते. घोडे चालत होते, थकलेले, लढाईनंतर एकटेच परतणारे. लगाम बर्फात लोळत होते, रिकिबी लोंबत होत्या. खोगिरांवर भिजलेल्या कांबळ्यांच्या वळकट्या होत्या, तिथे आता कोणी बसू शकलं नसतं. आणि प्रत्येक घोड्याची मान मागे वळलेली होती. तीन पांढऱ्यांच्या कपाळावरचे टिळे तसेच होते.

"वैनीस सांग, तें मी पुसलं नाहीं," भरद्वाज म्हणाला. "रंगाचा डबा घेऊन कितींदा बसलों. हात झाला नाहीं."

तुळजाराम म्हणाला, "तू बोलावलं असतंस तर आलों असतों."

"तू आला असतास तर बोलावलं असतं."

यावर दोघांनाही हसू आलं, आणि ते फार वेळ टिकलं नाही.

खोकं उघडलं तेव्हा भरद्वाज स्वारांकडे बघत राहिला. मग त्याने एक गाठोडं सोडलं, त्यातून कानस काढली आणि सातचा घोडा उचलला. खोगीर घासून सपाट करतो, म्हणाला, चार दिवसांत होतील तेवढे होतील, तुझे स्वार बसतील. तुळजारामने त्याच्या हातातला घोडा काढून घेतला. ती वळलेली मान त्याने बराच वेळ पाहिली. सात वर्षं हा माणूस इथे बसून काय करत होता, ते त्या मानेत सगळं होतं, आणि ते घासून टाकण्याची त्याची छाती नव्हती.

"घोड्यांस हात लावूं नकोस," तो म्हणाला. "स्वार उतरतील."

त्याने पातं दिव्यावर तापवलं आणि सातच्या स्वाराचे पाय कमरेपासून कापले. तीन आठवड्यांचं काम होतं ते. मग टाचण्यांवर पुटी चढवून त्याने नवे पाय घडवले, चालणारे, गुडघाभर बर्फातून ओढत नेलेले. तलवार काढून घेतली आणि रिकामा हात पुढे केला. संध्याकाळी पुटी धरली तेव्हा स्वार सातच्या घोड्याच्या दिशेने बर्फात उभा राहिला. भरद्वाजने बोटाने त्याला आणखी थोडा पुढे सरकवला.

शुक्रवारी आणि शनिवारी तुळजाराम पहिल्या बसने आला. शुक्रवारी वसुमतीही आली. भरद्वाजने तिच्यासाठी स्वतः कॉफी केली, आणि ती फार गोड झाली असं तिने त्याला सांगितलं. एवढ्यावर सात वर्षं मिटली. शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत पाच स्वार पायउतार झाले होते. एकोणीस खोक्यातच राहिले, आणि एकोणीस घोडे मागे वळून कोणाचीतरी वाट पाहत होते.

रविवारी गाडी आली. फळी कोणी ठेवायची यावर थोडा वेळ गेला. भरद्वाज म्हणत होता तू ने, तुळजाराम म्हणत होता तू ने. अखेर ती जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत चढली. होसूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि दोघांचीही सत्तरी जवळ आलेली. तुळजारामने मिठाईचं खोकं काखेत धरलं आणि म्हणाला की वर्षभरात उरलेल्यांचे पाय करतो, झाले की अस्के, एकोणीसच्या एकोणीस, घेऊन एकदमच येतो.

भरद्वाज गाडीत चढून बसला होता. त्याने काच खाली केली.

"एकदम नको," तो म्हणाला. "एका खेपेस एकच आण."

खोक्यात एकोणीसही मावतात हे दोघांना माहीत होतं. तुळजारामने मान डोलावली आणि म्हणाला, "सरी."