खेळलेला कॅट

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पुरावा दिसल्याशिवाय चूकसुद्धा मान्य न करणं हे माझं पोटापाण्याचं काम. माझा चुलतभाऊ अंगारे-धुपारे करायचा तेव्हा त्याची सगळ्यात जास्त टिंगल मीच केली होती... तरी हे लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी बेंगळुरूत मारतहळ्ळीला राहते, दुसऱ्या मजल्यावर. बाबा मिरजेत. आई गेल्यापासून एकटेच. सात-आठ महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मला त्यांच्या शर्टाची कॉलर सैल दिसायला लागली. विचारलं की एकच उत्तर – "काही नाही गं, ॲसिडिटी." इकडे सोमवारी आमचं रिलीज. रजा मागितली तर मॅनेजरचं तोंड बघवलं नसतं. जावं की थांबावं, या एका प्रश्नाने मी चार दिवस धड जेवले नव्हते.

शुक्रवारी व्हाइटफील्डच्या ऑफिसात एका मैत्रिणीने टॅरो काढून दिलं. सूर्याचं पान आलं. "वाईट कार्ड असं नसतंच गं, सगळी एनर्जी असते. तुझ्या आतल्या प्रवासाकडे बघ," म्हणाली. आतला प्रवास काय करायचाय? मला मिरजेचा प्रवास करायचा की नाही, ते हवं होतं!

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तळमजल्यावरच्या शांताक्का दही विरजणाला मागायला आल्या. मूळच्या निपाणीच्या, चाळीस वर्षं बेंगळुरूत. त्या साध्या पत्त्यांवरून सांगतात हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी आदल्या दिवशीचं टॅरो सांगितलं, तर त्या हसल्या.

"चित्रं बघून मनाला बरं वाटायला चांगलं आहे की ते. आमच्या पत्त्यांस्नी मन-बिन कळत नाही बाई. कोण, कुठं, केव्हा – एवढंच. अन् वाईट असलं तर वाईटच."

"मग माझं बघा ना अक्का."

"माझा पत्त्यांचा कॅट धाकट्या जावेनं नेलाय. नवा आण, मग बघू."

माझ्याकडे घरचा होता. लहानपणी बाबांबरोबर खेळायचो तोच. बदामाची छक्की हरवलेली, म्हणून जोकरवर बाबांनी पेनने 'बदाम ६' लिहिलेलं. अक्कांनी हातात घेतला आणि परत ठेवला.

"खेळलेला आहे हा. खेळलेल्या कॅटला विचारू नये, मेघा. तो घरच्यांची बाजू घेतो."

मी हट्ट केला. चूक म्हणाल तर ती इथे झाली.

"सरी, बरं... आधी मोज," अक्का म्हणाल्या. मोजले. जोकर धरून बावन्न. चटईवर समोरासमोर मांडी घालून बसलो. पिसले त्यांनीच, मी फक्त डाव्या हाताने काटले. पिकल्या केसांचा माणूस म्हणून चौकटचा राजा मध्ये ठेवला आणि भोवती आठ पानं मांडली. बदाम म्हणजे घर, चौकट म्हणजे निरोप, किल्वर म्हणजे काम, इस्पिक म्हणजे दुखणं.

आठही लाल. त्यात बाबांच्या अक्षरातलं 'बदाम ६'.

"छान आहे सगळं! दुखणं नाहीच," मी म्हटलं. अक्कांनी पानं गोळा केली. पुन्हा पिसले, पुन्हा मांडले. आठही लाल, त्यात 'बदाम ६'. तिसऱ्यांदा... तेच.

"स्वल्प जास्तच गोड बोलतोय हा," अक्का पुटपुटल्या. "मोज बघू परत."

एक्कावन्न.

दोनदा मोजले. मग एकेक रंग वेगळा लावला. इस्पिकचा गुलाम नव्हता. चटई झटकायला म्हणून मी उठले, आणि तो माझ्या मांडीखाली होता. पालथा, अगदी नीट ठेवल्यासारखा.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असं कोण करायचं गं तुमच्यात?"

आमच्या घरी गुलामचोर खेळताना तीन गुलाम बाजूला काढायचे आणि इस्पिकचा तेवढा ठेवायचा. शेवटी तो ज्याच्याकडे उरेल तो चोर. माझ्याकडे उरला की मी भोकाड पसरायचे. म्हणून बाबा तो वाटतानाच गुपचूप मांडीखाली दाबायचे आणि शेवटी काढून दाखवायचे – "चोर मीच गं!"

"बाबा," मी म्हटलं.

"मग ऊठ की. बसलीस काय?"

मॅनेजरला मेसेज टाकला आणि मिळेल ती बस धरली. उत्तराची वाट बघितली नाही.

सकाळी मिरजेत दार उघडलं ते वाळून निम्मे झालेल्या बाबांनी. मला बघून दचकले आणि लगबगीने दिवाणावर जाऊन मांडी घालून बसले. चहासुद्धा विचारला नाही... माझ्या बाबांनी!

मी बॅग न ठेवताच म्हटलं, "बाबा, मांडी उचला."

त्यांनी नजर चुकवली. मग सरकले. गादीखाली हॉस्पिटलची फाइल होती, दीड महिन्यापूर्वीची. पोटात गाठ. "तुझं काम चालू होतं गं..." एवढंच म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले, मग त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. बाबांचं मात्र मिरज सोडून इकडे यायला अजून नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, काटताना पान घसरलं असेल. असेल. पण मग तिन्ही वेळा आठही लाल? मी टेस्टर आहे, त्यानंतर तोच कॅट घेऊन अनेकदा करून पाहिलं. एकदाही तसं आलं नाही. अक्कांना विचारलं तर म्हणतात, "मला काय ठाऊक? मी आधीच नको म्हटलं होतं."

आज हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. सकाळी बाबांचा फोन आला होता. सहा महिन्यांची तपासणी झाली. "रिपोर्ट एकदम उत्तम गं!" म्हणाले. आवाज छान होता. जरा जास्तच छान.

तेव्हापासून कॅट समोर टेबलावर आहे. तीनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. मोजायचा धीर होत नाहीये.