बिभीषण मिस्त्रींनी पास केलेली गाडी

बिभीषण मिस्त्रींचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि याचा त्यांना पगार मिळत असे. एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं त्यांचं काम एकच: दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर सोडण्याआधी तपासायची. मेकॅनिक म्हणायचा, झाली दुरुस्त. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे न बघता गाडीखाली शिरायचे. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक लागत नाही, की त्यांना वाटायचं याला आज सुट्टी हवी आहे. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक झकास आहे, की वाटायचं यानं गाडी कुठंतरी घासली आहे. या स्वभावामुळं आगारात त्यांना मित्र नव्हते. पण त्यांनी पास केलेली गाडी वाटेत बंद पडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

निवृत्त होऊन जळकोटला घरी बसल्यावर संशयाला पुरेसं काम उरलं नाही. दूधवाला, मीटर वाचायला येणारा माणूस आणि पत्नी म्हाळसाबाईंनी चहात घातलेली किंवा न घातलेली साखर, एवढ्यावर दिवस काढावा लागे. अशात एक दिवस सून प्रतीक्षा शाळेतून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा खोका घेऊन आली.

"मामा, याची गाडी करायचीय. रिमोटवर चालणारी."

मिस्त्रींनी एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला. टक् झालं. ओढला, निघाला.

"नट न्हाय, बोल्ट न्हाय, वेल्डिंग न्हाय," ते म्हणाले. "ही गाडी कुनाच्या भरवशावर उभी ऱ्हानार?"

"तुमच्या," प्रतीक्षा म्हणाली.

ती सात किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तीन वर्षं सगळे प्रयोग व्हरांड्यात. तिथं स्पिरिटचा दिवा वाऱ्यानं विझायचा आणि लोखंडाचा कीस मुलींच्या वेण्यांत जाऊन बसायचा. शाळेत एक मोकळी म्हणावी अशी खोली होती, पण तिच्यात खेळाचे शिक्षक हिंमतराव सर यांच्या चटया, जाळ्या आणि चार फुटके कॅरम नांदत होते. मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता: शनिवारी जिल्ह्याहून पाहुणे येतील, त्यांच्यासमोर गाडी नीट चालली तर खोली विज्ञानाला. नाही चालली तर चटया आहेत तिथंच राहतील.

"ती खोली मिळायलाच पाहिजे, मामा. अजून तीन वर्षं पदराआड दिवा धरायचं माझ्यानं होणार न्हाय."

मिस्त्रींनी एकच विचारलं, "हिंमतराव सरास्नी हे ठाऊक हाय?"

"त्यांच्यासमोरच ठरलं."

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

पहिली गाडी प्रतीक्षानं एका संध्याकाळी केली. दिसायला देखणी होती. दोन मोटारी होत्या, एक मागची चाकं फिरवायला आणि एक पुढची वळवायला. पोटात सेलचा डबा, आणि तोंडावर मधोमध गडद काचेची एक टिकली. रिमोटमधून निघणारा उजेड आपल्याला दिसत नाही, पण तो या टिकलीला दिसतो, म्हणून ती गाडीचा डोळा, असं प्रतीक्षानं समजावलं. डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर मिस्त्रींचा विश्वास बसला नाही. पण गाडी पळाली, हे मान्य करणं भाग होतं. ती ओट्यावरून सुसाट गेली आणि म्हाळसाबाईंनी चढ म्हणून तिरपा लावून दिलेल्या पोळपाटापाशी जाऊन नुसती घरघरत उभी राहिली.

"पळती लई, वढती काय न्हाय," मिस्त्री म्हणाले. "बारकं दात्याचं चाक मोटारीला लाव, मोठं गाडीच्या चाकाला. बेतानं चालंल, पन चढंल."

दुसरी गाडी चढली, पण चढता चढता तिचं अंग सुटलं. मोटारीच्या थरथरीनं ठोकळे एकेक करून मोकळे झाले आणि पोळपाटाच्या माथ्यावर फक्त सेलचा डबा पोचला. मग मिस्त्रींनी चष्मा चढवला, खोका पुढ्यात ओढला आणि लांब पट्ट्या आडव्या घालून खालून सांगाडा बांधला, जसा बसला असतो. वर ज्वारीनं भरलेला पितळी तांब्या ठेवून गाडी ओट्यावर चाळीस फेऱ्या फिरवली. एकविसाव्या फेरीला डावं चाक घासतंय असा त्यांना वास आला. प्रतीक्षाला आला नाही. उघडून पाहिलं तर खरंच घासत होतं.

सोमवारी सकाळी गाडी पास झाली. पास झालेल्या गाडीला मिस्त्री स्वतः भंडारा लावत. घराण्याचं दैवत अणदूरचा खंडोबा, आणि बत्तीस वर्षांत भंडारा न लागता त्यांच्या हातून एकही गाडी आगाराबाहेर गेली नव्हती. सुका भंडारा रस्त्यात उडून जातो म्हणून ते तो खोबरेल तेलात कालवत आणि गाडीच्या कपाळावर अंगठ्यानं दाबून बसवत. या गाडीला कपाळ असं फारसं नव्हतं. जे होतं तिथं मिस्त्रींनी अंगठा टेकला. एकदा भंडारा लागला की गाडी पुन्हा तपासायची नाही, सरळ मार्गावर सोडायची, हाही नियमच. गाडी खोक्यात गेली आणि खोका शाळेत.

संध्याकाळी प्रतीक्षा पडलेल्या चेहऱ्यानं परत आली.

"चालली न्हाय. हातभर जाते आन् थांबते. जवळ गेलं की परत हातभर."

मळकी गाडी मिस्त्री कधी तपासत नसत. ओल्या फडक्यानं ती नाकापासून शेपटापर्यंत पुसली, ओट्यावर ठेवली, रिमोट दाबला. गाडी ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली आणि पोळपाट चढून उतरली.

मिस्त्रींनी रिमोट खाली ठेवला.

"शाळेत कुनाकुनाच्या हाती दिलती?"

"कुणाच्याच न्हाय. माझ्या टेबलावर होती."

"तू पानी प्यायला उठली आसशील."

"मामा, माणूस पाणी पितंच."

"हिंमतराव सर कुठं होतं?"

"ग्राउंडवर. शिट्टी ऐकू येत होती."

"शिट्टी कुनीबी वाजवंल," मिस्त्री म्हणाले.

म्हाळसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ऊन लागलं आसंल गाडीला. मानसाला लागतंय, तिला का लागू न्हाय?" हे बोलणं दोघांनीही मनावर घेतलं नाही. खरं तर कडक उन्हात रिमोटचा उजेड फिका पडतोच; आतापर्यंतच्या तर्कांत तेवढाच एक विज्ञानाच्या जवळपास जाणारा होता.

मिस्त्रींनी नवे सेल घातले. मग प्रत्येक सांध्यावर निळ्या पेनानं आडवी रेघ मारली. कुणी ठोकळा काढून परत लावलाच तर रेघ जुळणार नाही. पुन्हा चाळीस फेऱ्या, पुन्हा पास, पुन्हा भंडारा. बुधवारी गाडी शाळेत गेली आणि पुन्हा हातभर जाऊन थांबली. संध्याकाळी मिस्त्रींनी भिंग घेऊन एकेक रेघ पाहिली. सगळ्या जुळत होत्या. गाडी पुसली, चालवली. चालली.

दुसऱ्या माणसानं यावरून गाडी कुणी उघडली नाही असं ठरवलं असतं. मिस्त्रींनी ठरवलं की उघडणारा तयारीचा आहे.

"हिंमतराव सर खिशात काय बाळगतेत?"

प्रतीक्षाला उगाच खोटं बोलता येत नसे. "शिट्टी. किल्ल्या. आन् प्रार्थनेच्या स्पीकरचा रिमोट त्यांच्याकडंच असतो."

मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला. "रिमोट," ते म्हणाले. त्या रात्री त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

शनिवारी ते प्रतीक्षाच्या स्कूटीवर मागं बसून शाळेत गेले. खोका मांडीवर, दोन्ही हात खोक्यावर. निघण्याआधी गाडीला त्यांनी जरा जास्तच भंडारा लावला होता, कारण प्रसंग मोठा होता.

पाहुणे दोन होते, एक चष्म्यातल्या बाई आणि एक सतत घड्याळ बघणारे साहेब. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. फळ्याचा एक तुकडा उतरता लावला होता. हिंमतराव सर खांबाला टेकून उभे होते, उंच, काळेसावळे, दोन्ही हात खिशात. मिस्त्रींनी बाकी काही पाहिलंच नाही. ते त्या खिशांकडे बघत बसले.

प्रतीक्षानं रिमोट दाबला. गाडी हातभर गेली आणि थांबली. तिनं पुन्हा दाबला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मिस्त्री उठले. "हिंमतराव सर, खिसं दावा."

"काय?"

"खिशात काय हाय ते काडून टेबलावर ठिवा. सगळ्यांम्होरं."

"मामा, बसा," प्रतीक्षा हळूच म्हणाली. तिचा अंगठा अजून रिमोटवरच होता.

हिंमतराव सर खांबापासून सरळ झाले. त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक फळ्याकडे बघत होते. मग सरांनी खिसे उलटे केले. शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, बडीशेपेची पुडी आणि स्पीकरचा रिमोट. मिस्त्रींनी रिमोट उचलला, त्याचे सेल काढून टेबलावर ठेवले आणि तसेच जाऊन गाडीपाशी मांडी घालून बसले. खिशातला रुमाल काढून सवयीप्रमाणं ती पुढून पुसली.

गाडी त्यांच्या हातातून निसटून निघाली.

व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, दोन डस्टरांमधून आठाचा आकडा काढून आली आणि फळा चढून उतरली. साहेबांनी टाळी वाजवली. बाईंनी टेबलावरच्या सेलांकडे पाहिलं, मग हिंमतराव सरांकडे. मुख्याध्यापकांनाही आता सरांकडे बघायचं धाडस झालं. प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं.

स्पीकरच्या रिमोटचे सेल निघाल्यानंतर दोन-चार क्षण गाडी हललीच नव्हती. प्रतीक्षाचा अंगठा तेव्हाही बटणावर होता. एवढं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मिस्त्रींच्या आलं होतं. त्यांनी हातातला रुमाल उलगडून पाहिला. पिवळा झाला होता.

गप्प बसणं सोपं होतं. खोली मिळाल्यात जमा होती. शिवाय हिंमतराव सर हा माणूस त्यांना आजही पटण्यासारखा वाटत नव्हता. पण दोष पुन्हा पाडून दाखवल्याशिवाय तो सापडला असं मिस्त्रींनी आगारात कुणाला म्हणू दिलं नव्हतं, आणि स्वतःला सूट देण्याची त्यांना सवय नव्हती.

"पोरी, गाडी चालू ठिव," ते म्हणाले, आणि रुमालावरचा भंडारा अंगठ्यानं उचलून चालत्या गाडीच्या काळ्या टिकलीवर दाबला. गाडी थांबली. प्रतीक्षानं जोरात बटण दाबलं. काही नाही. मिस्त्रींनी टिकली पुसली. गाडी निघाली. त्यांनी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा टाळ्या वाजायच्या पार बंद झाल्या होत्या.

"दोष तपासनाराचा हाय," मिस्त्री उभे राहत म्हणाले. "मीच तिचा डोळा बुजवून धाडत होतो. घरी पुसायचो म्हनून घरी चालायची. ह्या सरांचा काय संबंध न्हाय. गाडी हिनं केलेली हाय, आन् ती चांगली हाय."

साहेब काही बोलणार होते, पण बाई आधी बोलल्या. "म्हणजे उजेड अडवला की संदेश पोचत नाही. हे मुलींना असंच दाखवता का तुम्ही?"

"आता दाखवीन," प्रतीक्षा म्हणाली. "खोली मिळाली तर."

मुख्याध्यापकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मग मुख्याध्यापकांनी टेबलावरच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवून प्रतीक्षाला दिली. आपलं मत आधीपासून हेच होतं, असंही त्यांनी सांगितलं.

पाहुणे चहाला गेल्यावर मिस्त्री हिंमतराव सरांपाशी आले. "सर, चुकलं माझं. चारचौघांत बोललो, चारचौघांत माघार घेतली. अजून काय करू सांगा."

हिंमतराव सर रिमोटमध्ये सेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगा. हे घरूनच ठरवून आलता न्हवं?"

"काय?"

"आदी माझे खिसे उलटे करायचे. मग सगळ्यांम्होरं माफी मागायची. आता खोलीसाठी भांडाय गेलो तर मीच हलकट ठरतो. चांगला डाव हाय. कुनी सुचवला, सूनबाईंनी?"

मिस्त्रींनी यावर बराच वेळ विचार केला. डाव खरोखरच चांगला होता. मनातल्या मनात त्यांनी तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला, कुठंच घासत नव्हता.

"तुमच्या जागी मीबी हेच म्हनलो आसतो," ते म्हणाले.

"म्हणजे ठरवून न्हाय?"

"न्हाय."

"हं," हिंमतराव सर म्हणाले.

दुपारी खोली रिकामी करायला दोघंच होते, कारण मुलं शनिवारची लवकर घरी गेली होती. चटईचं एक टोक मिस्त्रींनी धरलं, दुसरं सरांनी. बाहेर येणारी प्रत्येक चटई हिंमतराव सर मोठ्यानं मोजत होते. आणि त्यांची मोजणी बरोबर आहे का, ते मिस्त्री मनात मोजत होते.