सातवी सूचना

शहापूरच्या एका छोट्या रुग्णालयात मी एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरात मदतनीस आहे. पेशंटची कातडी औषधाने पुसून झाली की चार बाजूंनी चार निर्जंतुक चादरी पसरायच्या, कापायची तेवढीच जागा उघडी ठेवायची. चादरी आणि चिमटे मी मोजून देतो, मोजून परत घेतो.

मोठ्या बहिणीचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा टोकावड्याला फोन करून मी तिला सहा गोष्टी सांगितल्या. साबणाने आंघोळ कर. धुतलेले कपडे घाल. रात्रीपासून काही खाऊ नको. नखं काढ. बांगड्या, जोडवी घरी ठेव. देवाचा अंगारा पोटाला लावू नको.

"लग्नाला पण एवढी तयारी नव्हती रे माझी," ती हसली.

सातवी गोष्ट अशी, की घरी ब्लेड लावायचं नाही, तिथले केस आम्हीच मशीनने काढतो. ब्लेडने बारीक कापतं, तिथून जंतू शिरतात. परक्यांना हे मी रोज सांगतो. बहिणीला सांगताना जीभ रेटली नाही. बायकोच्या हातात फोन दिला असता तरी भागलं असतं. सुचलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर बाहेर आल्या. "ताईंनी परवा घरीच ब्लेड फिरवलंय. पाच ठिकाणी कापलंय, त्यातल्या दोन जखमा पिकल्यात."

मी ताईकडे गेलो. ती मान खाली घालून बसली होती.

"तू इथं कामाला. तुझ्या माणसांनी माझं ते करायचं? लाज नाय वाटणार? म्हणून मीच केलं."

डॉक्टर म्हणाले, कातडी बरी होऊ दे, दहा दिवसांनी करू. मलाही तेच बरोबर वाटलं. गाठ कडक झाली किंवा उलटी झाली तर लगेच ये, हेही मी तिला दोनदा बजावलं. मुरबाडच्या एसटीत बसताना म्हणाली, "बघ, साफसफाई जास्त झाली तरी नडते."

सहाव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. दाजी निघू म्हणाले, तर ही म्हणे, "तारखेला चार दिस हायत. आधी गेलो तर भावाला परत सगळ्यांसमोर खाली बघायला लागंल." दीड दिवस तिने तसाच काढला. आणली तेव्हा आतडं अडकून काळं पडलं होतं.

मी आत थांबलो. सिस्टर औषध लावत होत्या, मी भिंतीकडे बघत होतो.

"पाचही जखमा सुकल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "कातडी अगदी स्वच्छ आहे."

मी चार चादरी दिल्या. नंतर चार परत घेतल्या. चिमटेही बरोबर भरले.

तिसऱ्या दिवशी ताई गेली.

आता सातवी गोष्ट मी सगळ्यांत आधी सांगतो.