बिनमाईकचा मधमाशी उत्सव

कोऱ्हाळे बुद्रुकला माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. लग्न, जत्रा, जयंती, निवडणुकीची सभा, सगळीकडे माझे बॉक्स जातात. त्यामुळे कळंबच्या पुढच्या एका गावातून फोन आला, "मधमाशी उत्सव हाय, मंडप घेऊन या," तेव्हा मी नेहमीचं सगळं सामान टेम्पोत चढवलं. खांब, कापड, सतरंज्या आणि त्यावर बॉक्स, मिक्सर, जनरेटर. मधमाशीचा उत्सव म्हणजे काय, हे मी विचारलंही नाही. हल्ली कशाचेही उत्सव होतात.

माघातली सकाळ होती. शाळेच्या मैदानात टेम्पो लावून मी पहिला बॉक्स खाली घेतला, तोच एक साठीच्या बाई लगबगीनं आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर आणि पायात चिखलानं भरलेले बूट. डाळिंबाच्या बागेतून थेट आल्या होत्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणत होतं. उत्सव त्यांनीच सुरू केला होता.

"हे काळं काय हाय?"

"स्पीकर, आक्का."

"परत चढवा. हितं आवाज न्हाय करायचा."

मला वाटलं, थट्टा करतायत. "मग भाषणं कशी व्हायची?"

"तोंडानं."

"अवो, एवढी माणसं येणार. मागच्यांना ऐकू कसं जायचं?"

"ते तुमी बघा. आवाजातलं तुमालाच कळतंय न्हवं?"

असं म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडं बोट केलं. तिथं एक दांडगा वड होता. त्याच्या उंच आडव्या फांद्यांना काळपट, सुपाहून मोठं असं काही ओळीनं लटकलेलं दिसत होतं. ते काय आहे हे मला जरा उशिरा कळलं. आग्या मोहोळ. तेही एक नाही, दहा-बारा.

हातातला बॉक्स मी इतका हळू खाली ठेवला की माझं मलाच हसू आलं.

मंडप उभारताना शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मागची हकिगत सांगितली. त्यांना सगळे तात्या म्हणत. काही वर्षांपूर्वी एका लग्नात वरातीपुढं फटाके वाजले आणि वडावरच्या माश्या उठल्या. वऱ्हाड वाट फुटेल तिकडं पळालं. नवरदेवानं जीपमध्ये शिरून काचा लावल्या. तात्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते.

"मग गावानं ठरवलं, मव्हळं जाळायची," तात्या म्हणाले. "पलिते बांधलं हुतं. मीच पुढं हुतो. तर ही बया ग्रामसभेत उभी राहिली. म्हणली, जाळा, पर त्याआधी येकदा माझ्या बागंत या."

गाव बागेत गेलं. आक्कांनी एका डाळिंबाच्या झाडाच्या फांदीला मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं. फुलं यायच्या आधीच, माशी आत शिरू नये म्हणून. बाकीचं झाड फळांनी वाकलेलं आणि त्या कापडात एकदोन फळं, बाकी सगळा वाळलेल्या फुलांचा सडा. आक्कांनी कापड सोडलं आणि तो सडा प्रत्येकाच्या ओंजळीत थोडाथोडा दिला. भाषण केलं नाही.

"हातात घेतला तवा कळलं," तात्या म्हणाले. "माझा तर कांद्याच्या बियाचा प्लॉट. फुलांची पांढरी गोंडी नुसती माश्यांनी भरल्याली असत्यात. ह्यांच्यामुळं बी धरतंय, हे इतकी वर्सं ध्यानातच आलं न्हाय."

पलिते पुन्हा कुणी हातात घेतले नाहीत. दुसऱ्या वर्षापासून उत्सव सुरू झाला.

दहाच्या सुमाराला माणसं येऊ लागली. कळंब, वरकुटे आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून. मैदानाच्या एका कडेला पाळीव सातेरी माश्यांच्या लाकडी पेट्या मांडल्या होत्या, बायकांनी भाकरीबरोबर चाखायला मध ठेवला होता, पोरांनी काढलेली चित्रं दोरीला टांगली होती. इतकी माणसं आणि तरी कुणाचा आवाज चढत नव्हता. गाड्या लांब डांबरी रस्त्यालाच थांबवल्या होत्या. पाहुण्यांच्या स्वागताला कुणीतरी हौसेनं हलगीवाला आणला होता. त्यानं हलगी उचलली मात्र, सगळ्या मैदानानं एकदम हात वर केले. कुणी ओरडलं नाही. नुसते हात. हलगीवाला हलगी काखेत मारून पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मागच्यांना ऐकवायचं काम माझ्याकडं होतं. मी एक युक्ती केली. दर चार रांगांमागं एक खणखणीत बोलणारा माणूस बसवला आणि सांगितलं, पुढचा जे बोलेल तेच मागं सांगायचं, आपलं काही घालायचं नाही. शेवटच्या रांगेत मी स्वतः बसलो.

आक्का उभ्या राहिल्या. एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. ते वाक्य रांगारांगांतून मागं यायचं, शेवटी मी हात वर करायचो, मग पुढचं वाक्य. "नीट माशी बसली तर फळ गोल हुतं," असं आक्का म्हणाल्या. आमच्यापर्यंत येताना त्याचं झालं, "माशी बसली तर माणूस गोल हुतो." मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दुरुस्ती पुढून मागं येईपर्यंत आक्का शांत उभ्या होत्या. पण बाकीची वाक्यं धड आली. फवारणी फुलोऱ्यात करू नका, करायचीच तर दिवस मावळताना करा. बांधावरची झाडं ठेवा. मोहोळ दिसलं की आधी मला बोलवा.

माझ्या माईकवरून कित्येक भाषणं झाली, पण माणसं बोलणं असं हातोहात पुढं देतायत, हे मी कधी पाहिलं नव्हतं. माईकवरचं माझ्याच कानात राहत नाही. आक्कांचं प्रत्येक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते मला कुणीतरी वळून, माझ्याकडं बघून सांगितलं होतं.

जेवणानंतर आक्का थोडी थोडी माणसं घेऊन वडाकडं निघाल्या. ओढ्याच्या अलीकडं पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती, तिच्यापुढं जायचं नाही. अत्तर, तंबाखूचा धूर, काही नको. मी शेवटच्या घोळक्यात होतो. खरं सांगायचं तर पाय मागं ओढत होते.

रेघेवर उभा राहिलो आणि आधी कान लागले. एक घुमणारा, जाड, संथ आवाज. माझे बॉक्स छातीत धडधड करतात, तसा नाही. हा आवाज कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळतच नव्हतं. वडच आतून घुमतोय असं वाटत होतं.

मग समोरच्या पोळ्यावरून काहीतरी चमकत गेलं. माश्यांच्या काळ्या पडद्यावर मधोमध एक चंदेरी ठिपका उमटला, गोल पसरत कडेपर्यंत गेला आणि विझला. मला वाटलं उन्हानं डोळे दिपले. पुन्हा उमटला. पुन्हा पसरला. भरल्या शेततळ्यात खडा टाकावा तसं.

"आक्का, हे काय हाय?" माझा आवाज कुजबुजीपेक्षा वर निघेना.

"मोठी गांधीलमाशी आली बगा, ती काय. पोळ्याजवळ घिरट्या घालती. येकीनं पोट वर उचललं की शेजारची उचलती, मग तिच्या शेजारची. तिला दावत्यात, आमी जाग्या हाय म्हणून."

"सगळ्या?"

"सगळ्या."

लाट जात राहिली. हजारो माश्या, आणि एकही चुकत नव्हती. गांधीलमाशी थोडी पुढं आली, लाट जोरात गेली, ती मागं सरली. शेवटी वळून उसाकडं निघून गेली. पोळं पुन्हा काळं, स्थिर. माझ्या शेजारी तात्या होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

आम्ही किती वेळ तिथं होतो मला सांगता येणार नाही. मोबाईलमध्ये कुणी काही टिपलं नाही. एकानं काढला होता, तो त्यानं आपणहून खिशात ठेवला.

संध्याकाळी मंडप सोडताना आक्का आल्या. म्हणाल्या, "उन्हाळा चढला की ह्या जात्याल. कुठं ते मला बी ठावं न्हाय. थंडीच्या तोंडाला परत येत्यात, ह्याच फांदीवर."

"वाट त्यांच्या ध्यानात राहती व्हय?"

"तेच तर. ह्या माश्या तवर जित्या ऱ्हात न्हाईत. येत्यात त्या नव्याच. त्यांनी हा वड कधी बघितल्याला बी नसतो." मग त्यांनी वडाकडं पाहिलं. "आता त्यांना कोण सांगत आसंल, मला खरंच म्हायत न्हाय बगा."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "आल्या." मी बायकोला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि बारामती ओलांडून निघालो. गाडी रस्त्यालाच लावली, रेघ होती तिथपर्यंत चालत गेलो. मोहोळ अजून लहान होतं, पण त्याच फांदीवर होतं. बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. मी तिच्याकडं वळलो आणि आक्कांची वाक्यं हळू आवाजात एकेक करून सांगायला लागलो.