सुपडूभाऊंचा निळा कॅन

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं. कडी नव्हे, थेट मूठ. उघडलं तर सुपडूभाऊ. खांद्यावर टॉवेल, हातात निळा कॅन.

"अक्का, डॉक्टरबाई म्हनतस, मी लबाड शे."

सुपडूभाऊ मूळचे भडगावकडचे. जळगावात केळीच्या गाड्या भरायचे. १९८८ साली आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या डॉ. सुलभा खैरनार यांनी अशा हमालांवर एक अभ्यास मांडला होता. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांतलं लायसीन ज्वारीत कमी, उडदात भरपूर. मग ज्वारी-उडदाच्या आपल्या कळण्याच्या भाकरीवर ओझं वाहणाऱ्या अंगाचं भागतं का? मोजायची रीत सरळ होती. जेवण तोलून द्यायचं, शौच-लघवी सगळी जमा करायची आणि प्रथिनांतून आत गेलेला नायट्रोजन बाहेर आलेल्याशी ताडून बघायचा. बाहेर जास्त जातोय म्हणजे अंग झिजतंय. रांधायचं काम माझ्याकडे होतं.

लघवी साठवायचा तो निळा कॅन सुपडूभाऊ बाजारातसुद्धा नेत. वना हमाल ओरडायचा, "काय रे, गंगाजल कोठे चालनं?"

"तुन्हाच घर," हे म्हणायचे, "तोंड उघाडी ठेव."

आज मात्र आवाज पार बसला होता. त्यांचं आत पुष्कळ जात होतं आणि बाहेर फारच कमी येत होतं. बाईंचा समज झाला की हे कॅन टाळून आडोशाला जातात. असंच असेल तर अभ्यासातून वगळते, असं त्या म्हणाल्या होत्या.

"एक थेंब बी बाहेर गया नही, अक्का. बठ्ठं याच कॅनमा शे. माले काढी टाकं तरी चाली, पन लबाड नका म्हना."

"आधी जेवा," मी म्हटलं आणि तोललेलं ताट समोर ठेवलं. त्यांनी भाकरी मोडली, तुकडा कपाळाला लावला आणि खिशात टाकला. तुकडा कसला, चांगली चतकोर!

"हे काय?"

"गायना घास."

"रोज काढता?"

"मंग? त्यानाबिगर जेवतस का कोनी?"

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

"त्या इचारेत, तुन्हं जेवन बठ्ठं खादं का? मी खादं. गायनं ते मनं कधी व्हतं?"

मी जिन्यातून हाक मारून गायीच्या घासाचं सांगितलं. बाई उतरल्या, चतकोर काट्यावर ठेवली आणि मटकन पायरीवरच बसल्या.

"चुकलं माझं, भाऊ. पण मागचं सगळं वाया. रोजचा तुकडा केवढा होता, कोणाला ठाऊक?"

"मंग नव्यानं मोजा. या खेपले घास काढत नही. कोनले शंकाच नको."

त्या फेरीत ते कोपऱ्यावरच्या गायीसमोरून मान खाली घालून जायचे. ती मात्र सवयीने मान पुढे करायची.

प्रयोगशाळेतून आकडे आले त्या दिवशी बाई दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आल्या. "जुळलं! जेवढं आत, तेवढं बाहेर. झीज नाही!" कळण्याची भाकरी सुपडूभाऊंच्या पाठीला पुरली होती, आणि त्यांचा शब्दही खरा ठरला होता. वनाने तो कॅन, रिकामा बरं का, डोक्यावर घेऊन केळीच्या गाड्यांमधून नाचवला.

बाईंना पुढची फेरी नुसत्या ज्वारीवर करायची होती. "पहिलं नाव तुमचं, भाऊ. याल ना?"

"येसू," सुपडूभाऊ म्हणाले. "पन काटावर ठेवाना पहिले गायना घास काढू द्या."