तिरका बसलेला तुकडा

लॅबमध्ये तिला मागून सगळे 'करवत' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. करवत निदान सरळ तरी चालते, असं तिचं म्हणणं. एकतीस वर्षं ती एकच काम करत आली होती. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडीचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. या एकतीस वर्षांत तिनं कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. पेरूएवढी गाठ एवढ्याशा बाटलीत कोंबून पाठवणारे सर्जन असोत, नाहीतर फॉर्मवर नुसतं 'गाठ' लिहून मोकळे होणारे शिकाऊ डॉक्टर.

"कुठली गाठ? कानाखालची, मानेतली, की पायजम्याच्या नाडीची?" ती फोनवर कडाडायची. पलीकडचा बिचारा त त प प करायचा.

त्यात आता दादाची भर. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्यांची घोषणा करायचा. कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत, त्याला आठ वर्षांपासून गाठ होती. वाटाण्याचं लिंबू झालं तरी हा बाबा ढिम्म. "दुखत नाही, खुपत नाही, तुला काय करायचंय?" शेवटी वहिनीनं रडून ओरडून त्याला दवाखान्यात नेलं. सुई घालून गाठीतून दोऱ्याएवढा तुकडा काढला गेला आणि तो आला तो थेट हिच्या टेबलावर.

घरच्या माणसाचा तुकडा दुसऱ्यानं हाताळायचा, हा नियम तिनंच घालून दिलेला. पण दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता, आणि असता तरी तिनं त्याच्यावर भरवसा ठेवला असता का, देव जाणे. "आठ वर्षं! आठ वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी या माणसाला," असं पुटपुटत तिनं चिमट्यानं तो तुकडा वितळलेल्या मेणात ठेवला.

दोन दिवसांनी लॅबच्या डॉक्टरांनी, म्हणजे तिच्या निम्म्या वयाच्या मॅडमनी, तिला आत बोलावलं. "ताई, बसा जरा. दादांची स्लाइड चाळणीसारखी दिसतेय, एका जातीच्या कॅन्सरमध्ये दिसते तशी. हा कॅन्सर नसांच्या कडेनं पसरतो, आणि चेहऱ्याची नस नेमकी त्याच ग्रंथीतून जाते. नस काढावी लागेल का, असं सर्जन विचारतायत. उद्या रिपोर्ट द्यायचाय."

नस गेली म्हणजे अर्धा चेहरा लुळा. डोळा मिटायचा नाही, ओठ वाकडा. मग कसला माईक आणि कसल्या घोषणा!

ती बसली नाहीच. आधी तिला दादाचा राग आला, मग वहिनीचा, मग सुई घालणाऱ्याचा. काच हातात घेऊन तिनं खिडकीपाशी धरली. तुकड्याची गुलाबी रेघ जेमतेम सहा मिलिमीटर. "एवढाच? अर्धवट तुकडे पाठवतात मेले! थांबा, आज त्याला सोडतच नाही." सर्जनला फैलावर घ्यायला पुरावा हवा, म्हणून तिनं रजिस्टर उघडलं. तुकडा आला त्या दिवशीची नोंद तिच्याच अक्षरात होती. लांबी पंधरा मिलिमीटर.

टेबलाशी जाऊन तिनं ती मेणाची वडी उजेडात धरली. तुकड्याचं एक टोक वर आलं होतं, दुसरं तिरकं होऊन खोल मेणात गेलं होतं. ही चूक शिकाऊ पोरांच्या हातून झाली की ती त्यांना दिवसभर फाडून खायची.

ती मॅडमकडे परत गेली. "तुकडा तिरका बसलाय. अर्ध्याहून जास्त अजून वडीतच आहे."

"कुणी बसवला?"

"मी. आता माझ्या तोंडाकडे काय बघताय? रिपोर्ट थांबवा."

तिनं वडी वितळवली, उरलेला दोरा तळाशी सपाट ठेवला आणि चिमट्यानं दाबून धरला. हा वाया गेला तर दुसरा तुकडा नव्हता. काप काढताना तिनं एक चकार शब्द काढला नाही. लॅबमधल्या लोकांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या. "ताई, चाळणी एका टोकालाच आहे. बाकी सगळं निळसर, मऊ, कूर्चेसारखं. ही साधी मिश्र गाठ वाटतेय, कॅन्सर नाही; तिच्यातही कुठेकुठे अशी चाळणी दिसते. पूर्ण गाठ बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण नस वाचवा असं सर्जनना कळवते."

तिनं मान हलवली आणि रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहिलं: 'तुकडा तिरका बसवला, चूक माझी.' खाली सही केली.

ऑपरेशन झालं. अख्खी गाठ आली, या खेपेला दुसऱ्या तंत्रज्ञानं हाताळली, आणि ती मिश्र गाठच निघाली. ती दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा दादा डोक्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसला होता.

"बघ चिमे! काही नाही म्हणत होतो ना? उगीच आठ वर्षं डोकं खाल्लंस."

अशी गाठ वर्षानुवर्षं ठेवली की तिचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तो हसला. ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली.

"हो रे दादा," ती म्हणाली, "तुझंच खरं."

वहिनी चमकून बघतच राहिली. करवत बाहेर गेली आणि जिन्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.